‘आय डू डान्स’ म्हटलं तर बिघडतं कुठे?

पत्र

मी नाशिकला गेली १४ वर्षं कथक शिकवते. शिक्षण सगळं मराठी माध्यमात झालं. आता लंडन आणि न्यू जर्सीतल्या काही मराठी कुटुंबांतल्या मुलांना ऑनलाइन शिकवायला घेतलं आहे. पालकांशी मराठीत बोलता येतं, पण मुलं इंग्रजीच बोलतात. ओळखीच्या पहिल्या तासाला मी म्हणाले, “आय डू डान्स सिन्स ट्वेंटी इयर्स.” मुलं एकमेकांकडे बघून हसली. माझी मुलगी म्हणते वाक्य चुकलं, पण का चुकलं ते तिला सांगता येत नाही. माझा सगळा दिवस ज्या शब्दाभोवती जातो, तो एक शब्द तरी मला नीट वापरता यावा. ‘डान्स ऑन द साँग’ म्हणायचं की ‘टू द साँग’? उच्चार ‘डान्स’ की ‘डॅन्स’? फॉर्ममध्ये व्यवसायाच्या रकान्यात काय लिहू? पालकांना पाठवायची इंग्रजी सूचना सोबत जोडली आहे, तीही तपासून द्यावी.

— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या वाक्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही मराठीच्या सवयीतून आलेल्या आहेत. मोठी चूक आधी घेऊ.

इंग्रजी शब्द मराठीत आला की आपण त्याला नाम करून टाकतो आणि क्रिया दाखवायला ‘करणे’ जोडतो. फोन करणे, पार्क करणे, प्रॅक्टिस करणे, तसंच डान्स करणे. मराठीत हे अगदी बरोबर आहे. पण इंग्रजीत ‘डान्स’ हे स्वतःच क्रियापद आहे, त्याला ‘डू’चा आधार लागत नाही. आपण बोलताना मनात ‘मी डान्स करते’ असं म्हणतो आणि त्या ‘करते’साठी तोंडातून ‘डू’ निघून जातं.

यावर उपाय मराठीतच आहे. आपल्याकडे ‘नाचणे’ हे सरळ क्रियापद आहेच. इंग्रजी बोलण्याआधी ‘डान्स करते’ हे मनातून काढा आणि तिथे ‘नाचते’ ठेवा. ‘मी नाचते’ म्हणजे ‘आय डान्स’. ‘ती नाचते’ म्हणजे ‘शी डान्सेस’. ‘आम्ही काल नाचलो’ म्हणजे ‘वी डान्स्ट यस्टरडे’. ‘मला नाचायचंय’ म्हणजे ‘आय वॉन्ट टू डान्स’. वाक्यात ‘करणे’च उरलं नाही की ‘डू’ घुसायला जागा राहत नाही.

हीच युक्ती पुढेही उपयोगी पडते. मराठीत एका ‘डान्स’ शब्दाखाली जे चार-पाच वेगळे अर्थ आपण एकत्र कोंबतो, ते जुन्या मराठी शब्दांत अजून सुटे आहेत. ‘नाचणे’ असेल तर क्रियापद ‘डान्स’. ‘एक नाच’ असेल, म्हणजे सुरुवात आणि शेवट असलेली एक रचना, तर ‘अ डान्स’. ‘नृत्य’ म्हणजे कला किंवा विषय असेल तर ‘अ’ किंवा ‘द’ काहीही न लावता नुसतं ‘डान्स’. ‘नाचणं’ ही कृती, छंद असेल तर ‘डान्सिंग’. आणि नाचणारी किंवा नाचणारा असेल तर ‘डान्सर’. म्हणून ‘मी नृत्याचा अभ्यास केला’ हे ‘आय स्टडीड डान्स’, ‘मला नाचायला आवडतं’ हे ‘आय लाइक डान्सिंग’, आणि ‘मुलींनी दोन नाच केले’ हे ‘द गर्ल्स डिड टू डान्सेस’.

शेवटच्या वाक्यात ‘डिड’ आलं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. म्हणजे ‘डू’ अगदी वर्ज्य नाही. ते कुठे चालतं, हे नीट कळलं तरच कुठे चालत नाही ते पक्कं होईल.

एक, ‘डान्स’च्या आधी ‘अ’, ‘द’, संख्या किंवा ‘धिस’, ‘दॅट’ असेल तर तो शब्द नाम झाला, मग ‘डू’ चालतं: ‘डू अ डान्स’, ‘डू दॅट डान्स अगेन’. दोन, नृत्यप्रकाराचं नाव घेतलं तरी ‘डू’ चालतं, जसं ‘डू योगा’, ‘डू कराटे’. ‘आय डू कथक’ हे वाक्य ब्रिटनमध्येही सहज बोललं जाईल. तीन, प्रश्नात आणि नकारात ते यावंच लागतं: ‘डू यू डान्स?’, ‘शी डझन्ट डान्स’, ‘डिड दे डान्स?’ इथे ‘डू’, ‘डझ’, ‘डिड’ काळ सांभाळतात, म्हणून ‘डान्स’ मूळ रूपातच राहतो. ‘डिड दे डान्स्ट’ ही आपल्याकडे वारंवार ऐकू येणारी चूक आहे. भूतकाळ एकदाच दाखवायचा.

आणि चौथी जागा तुमच्या वाक्याशीच जोडलेली आहे. ‘आय डू डान्स’ हे व्याकरणाने पूर्ण शुद्ध वाक्य आहे, फक्त त्याचा अर्थ वेगळा आहे. कुणी म्हणालं, “तुम्ही काही नाचत नसाल,” आणि त्यावर ठासून सांगायचं असेल, “नाचते तर!”, तेव्हा इंग्रजीत ‘आय डू डान्स’ म्हणतात, ‘डू’वर जोर देऊन. मुलांना ते वाक्य असंच ऐकू आलं असणार. कुणी शंका घेतलेली नसताना बाई एकदम ठणकावून सांगू लागल्या, याचं त्यांना हसू आलं. ‘आय डिड डान्स’चंही तसंच. नुसतं ‘मी नाचले’ सांगायचं तर ‘आय डान्स्ट’ पुरे.

आता दुसरी चूक, ‘सिन्स ट्वेंटी इयर्स’. मराठीत ‘पासून’ दोन्हीकडे चालतं: ‘२० वर्षांपासून’ आणि ‘२००५ पासून’. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘फॉर’ आणि दुसऱ्यासाठी ‘सिन्स’. गोंधळ झाला तर ‘गेली’ लावून बघा. ‘गेली २० वर्षं’ असं म्हणता येतं, तिथे ‘फॉर’. ‘गेली २००५’ म्हणता येत नाही, तिथे ‘सिन्स’. ‘सिन्स’ला सुरुवातीची खूण हवी: एखादं साल, एखादा महिना, ‘सिन्स आय वॉज एट’. आणि जे तेव्हा सुरू झालं आणि आजही चालू आहे, ते इंग्रजीत साध्या वर्तमानकाळात सांगत नाहीत. म्हणून तुमचं वाक्य असं होईल: ‘आय हॅव बीन डान्सिंग फॉर ट्वेंटी इयर्स.’ बोलताना पहिले दोन शब्द एकत्र येऊन ‘आय्व्ह बीन’ असे ऐकू येतात.

साधा वर्तमानकाळ आणि चालू वर्तमानकाळ यातही आपला पाय घसरतो. ‘मी कथक करते’ याचं ‘आय ॲम डूइंग कथक’ केलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, आत्ता या क्षणी, किंवा हल्लीच थोडे दिवस. कायमची ओळख सांगताना ‘आय डान्स’ किंवा ‘आय डू कथक’. ‘आय ॲम डान्सिंग ऑन सॅटरडे’ मात्र चालेल, कारण तिथे ठरलेला कार्यक्रम आहे.

गाण्यावर नाचणे

‘वर’चं भाषांतर ‘ऑन’ हे आपल्याला शाळेतच पाठ झालेलं असतं. टेबलावर, भिंतीवर, तसं गाण्यावर. पण इंग्रजी भाषेत गाणं हा पृष्ठभाग नाही, नर्तकाने ज्याच्या बरोबर राहायचं तो आवाज आहे, आणि त्यासाठी शब्द ‘टू’ आहे: ‘डान्स टू द साँग’, ‘डान्स टू द म्युझिक’, ‘डान्स टू द बीट’. टाळ्या वाजवणं, चालणं, व्यायाम करणं, संगीताबरोबर होणारी कुठलीही हालचाल ‘टू’च घेते. लक्षात ठेवायला सोपं: पायाखाली जे येतं ते ‘ऑन’, कानावर जे येतं ते ‘टू’. म्हणून ‘शी डान्स्ट ऑन द स्टेज टू अ मराठी साँग’ या एका वाक्यात दोन्ही आपापल्या जागी बसतात.

जोडीदार असेल तर ‘विथ’, प्रेक्षक असतील तर ‘फॉर’, प्रसंग असेल तर ‘ॲट’: ‘डान्स विथ हर सिस्टर’, ‘डान्स फॉर द गेस्ट्स’, ‘डान्स ॲट अ वेडिंग’. चित्रपट किंवा कार्यक्रम असेल तर ‘इन’.

पाय आणि कान या नियमाला तुमच्या कामातलाच एक अपवाद आहे. मात्रेवर अचूक पाऊल पडलं तर ‘ऑन द बीट’ म्हणतात आणि चुकलं तर ‘ऑफ द बीट’. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, समजावताना ‘लँड ऑन द फर्स्ट बीट’ हेच वाक्य लागेल. याला लागूनच आणखी एक जोडी येते. ‘तालात नाचा’ म्हणजे ‘डान्स इन टाइम’. ‘ऑन टाइम’ म्हणालात तर मुलं समजतील, बाई वेळेवर यायला सांगताहेत. ताल सुटला तर ‘आउट ऑफ टाइम’, आणि ठेका धरून राहायला सांगायचं असेल तर ‘कीप टाइम’.

‘अ’, ‘द’ की काहीच नाही?

नृत्यप्रकारांच्या नावांची गंमत अशी की पाश्चात्त्य जोडीनृत्यांना ‘द’ लागतो: ‘डान्स द वॉल्ट्झ’, ‘डू द टँगो’. गोव्याचा मांडोही जोडीजोडीने नाचतात आणि त्याच चालीवर ‘डान्स द मांडो’ म्हणता येतं. आपल्या शास्त्रीय प्रकारांना मात्र काही लागत नाही: ‘शी डान्सेस कथक’, ‘ही टीचेस भरतनाट्यम’. ‘द कथक’ म्हणू नका. ‘कथक डान्स’ असं पहिल्यांदा ओळख करून देताना म्हणायला हरकत नाही, कारण समोरच्याला कथक म्हणजे काय हे ठाऊक नसेल. त्यानंतर प्रत्येक वेळी नुसतं ‘कथक’.

लावणीचं वेगळं आहे. ती गाण्याची रचना आहे आणि तिच्यावरचं नृत्यही, म्हणून एकेक मोजता येते: ‘शी परफॉर्म्ड अ लावणी’. फुगडी आपण घालतो, टिपऱ्या आणि गरबा खेळतो. इंग्रजीत तिथे ‘डू’ वापरा. ‘प्ले’ म्हटलं की परदेशातल्या मुलाच्या डोळ्यांसमोर खेळ किंवा वाद्य येतं.

‘अ’ असण्या-नसण्याने अर्थ किती बदलतो ते तुम्हाला न्यू जर्सीच्या पालकांशी बोलताना जाणवेल. मूल म्हणालं, ‘आय हॅव डान्स ऑन ट्यूसडे’, तर त्याचा अर्थ मंगळवारी नृत्याचा तास आहे. तेच ‘माय स्कूल हॅज अ डान्स ऑन फ्रायडे’ म्हणालं, तर शाळेत संध्याकाळी मुलांनी एकत्र जमून नाचण्याचा समारंभ आहे; कुणी मंचावर काही सादर करणार नाही. मुलांनी शिकलेलं पालकांसमोर दाखवण्याचा जो कार्यक्रम असतो, त्याला अमेरिकेत ‘रिसायटल’ आणि ब्रिटनमध्ये बहुधा ‘शो’ म्हणतात. आपलं लाडकं ‘गॅदरिंग’ तिथे सांगू नका. त्यांच्या कानाला ते चार माणसं जमली एवढंच सांगतं. स्नेहसंमेलनाचा कार्यक्रम म्हणजे ‘द ॲन्युअल शो’.

बसवलेला डान्स

मराठीत डान्स ‘बसवतात’, आणि हा शब्द फार नेमका आहे, पण त्याला इंग्रजीत एकच जोड नाही. हालचाली तुम्ही स्वतः रचल्या असतील तर ‘आय कोरिओग्राफ्ड द डान्स’. परंपरेतली रचना शिकवली असेल तर ‘आय टॉट देम द डान्स’. वेगवेगळे तुकडे जुळवून कार्यक्रमापुरतं काही उभं केलं असेल तर ‘आय पुट टुगेदर अ डान्स’. ‘सेट’ हा शब्दही नृत्यदिग्दर्शक वापरतात, पण तो नर्तकांच्या आपसातला आहे. पालकांना पाठवायच्या सूचनेत नको.

बसवून झालेल्या गोष्टीलाही वेगवेगळी नावं आहेत. शास्त्रीय किंवा समकालीन रचनेला ‘पीस’, चित्रपटातल्या किंवा कार्यक्रमातल्या नाचाला ‘नंबर’, आणि पाठ करून पुन्हा पुन्हा तसंच करायच्या ठरलेल्या क्रमाला ‘रुटीन’. कथकच्या एखाद्या प्रस्तुतीला ‘रुटीन’ म्हटलं तर चूक नाही, पण कान थोडा खटकतो; ‘पीस’ म्हणा.

तासात बोलायची काही वाक्यं नर्तकांच्या इंग्रजीत ठरलेली आहेत. ‘पहिल्यापासून’ म्हणजे ‘फ्रॉम द टॉप’. पूर्ण जोर न लावता, जागा आणि क्रम तेवढा आठवत हलकेच करून बघायचं असेल तर ‘जस्ट मार्क इट’. पूर्ण ताकदीने करायचं असेल तर ‘फुल आउट’. चक्कर घेताना नजर एका बिंदूवर ठेवायची आणि मान शेवटी झटकन फिरवायची, याला ‘स्पॉटिंग’ म्हणतात, ‘स्पॉट!’ एवढं ओरडलं तरी ज्यांनी आधी बॅले शिकलं आहे त्या मुलांना लगेच कळेल. स्वतःचा सराव म्हणजे ‘प्रॅक्टिस’, कार्यक्रमाआधीची सगळ्यांची तालीम म्हणजे ‘रिहर्सल’. घुंगरांना ‘अँकल बेल्स’ म्हणा.

तत्कार, तोडा, तिहाई हे शब्द मात्र बदलू नका. एकदा समजावून द्या: तत्कार म्हणजे ‘फुटवर्क’, तिहाई म्हणजे ‘अ फ्रेज रिपीटेड थ्री टाइम्स, एंडिंग ऑन द फर्स्ट बीट’. त्यानंतर मुलांच्या तोंडी मूळ शब्दच राहू दे. बॅले शिकणारी इंग्रज मुलं सगळ्या संज्ञा फ्रेंचमध्येच पाठ करतात. इथे संकोच करायचं काहीच कारण नाही.

उच्चार

दोन्ही उच्चार बरोबर आहेत. दक्षिण इंग्लंडमध्ये आणि प्रमाण ब्रिटिश बोलीत दीर्घ ‘आ’, म्हणजे ‘डान्स’. अमेरिकेत ‘बॅट’मधला ‘ॲ’, म्हणजे ‘डॅन्स’. उत्तर इंग्लंडमध्ये तो ‘आ’ आखूड होतो. आपण मराठीत क्लास, पास, चान्स असंच म्हणतो, त्यामुळे ‘डान्स’ तुमच्या जिभेला सोपा जाईल आणि न्यू जर्सीतही सगळ्यांना समजेल. फक्त मिसळ करू नका. ‘डॅन्स’ धरायचं तर ‘क्लॅस’ आणि ‘चॅन्स’ही धरावं लागेल. आणि स्पेलिंगचा शेवट सारखा म्हणून सगळीकडे ‘आ’ लावू नका: ‘रोमॅन्स’मध्ये ब्रिटिश माणूसही ‘ॲ’च म्हणतो.

खरी अडचण स्वरात नसून शेवटात आहे. भूतकाळी रूप एकाच अवयवाचं (सिलेबलचं) आहे, ‘डान्स्ट’. स्पेलिंगमध्ये ‘ई-डी’ दिसतं म्हणून आपल्याकडे सर्रास ‘डान्सेड’ म्हणतात. ‘इड’ असा उच्चार फक्त मूळ क्रियापदाच्या शेवटी ‘ट’ किंवा ‘ड’ आवाज असेल तेव्हाच होतो: ‘वॉन्टिड’, ‘एंडिड’. ‘स’, ‘क’, ‘प’, ‘फ’, ‘श’, ‘च’ यांसारख्या अघोष आवाजानंतर तो नुसता ‘ट’ होतो: ‘डान्स्ट’, ‘जम्प्ट’, ‘लाफ्ट’. उलट ‘डान्सेस’ला खरोखरच एक अवयव वाढतो, ‘डान्सिझ’, कारण ‘स’ला लागून दुसरा ‘स’ वेगळा ऐकू येणारच नाही, मध्ये स्वर घ्यावाच लागतो. ‘न’ आणि ‘स’ यांच्यामध्ये इंग्रजी माणसांच्या बोलण्यात कधी बारीक ‘ट’ ऐकू येतो, ‘डान्ट्स’सारखा. तो मुद्दाम आणायची गरज नाही, ऐकून गोंधळू मात्र नका.

लिहिताना ‘डान्सिंग’मध्ये शेवटचा ‘ई’ गळतो. ‘डान्सेबल’, म्हणजे ज्यावर नाचता येईल असं, यात तो टिकतो. कारण ‘सी’ अक्षरापुढे ‘ए’ हे अक्षर आलं तर त्याचा उच्चार ‘क’ होतो. मधला ‘ई’ त्याला ‘स’ ठेवतो. ‘आय’पुढे तो तसाही ‘स’च राहतो, म्हणून ‘डान्सिंग’ला ‘ई’ची गरज पडत नाही. आणि मराठीत लिहिताना अर्धा ‘न’ घालून ‘डान्स’ लिहा. हिंदीसारखं ‘डांस’ लिहिलंत तर आपल्या जुन्या मराठीत तो डास होतो.

व्यवसायाच्या रकान्यात

‘डान्स टीचर’ लिहा, किंवा अधिक नेमकं, ‘कथक टीचर अँड डान्सर’. ‘डान्सिंग टीचर’ही बरोबर आहे, पण ते जोर कुठे दिला यावर अवलंबून आहे. ‘डान्सिंग’वर जोर दिला तर नाच शिकवणारी, ‘टीचर’वर दिला तर नाचत असलेली शिक्षिका. कागदावर जोर दिसत नाही, म्हणून ‘डान्स टीचर’ सुरक्षित.

आपली इंग्रजी वर्तमानपत्रं शास्त्रीय नर्तकीला अजूनही ‘डान्सूज’ म्हणतात. हा फ्रेंच शब्द इंग्लंड-अमेरिकेत आता जुनाट वाटतो. ‘डान्सर’ स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो, त्यात काही कमीपणा नाही. ‘बॅलेरिना’ फक्त बॅले करणारीला.

मराठीत ‘नाच’, ‘नृत्य’ आणि ‘डान्स’ यांना वेगवेगळी प्रतिष्ठा चिकटलेली आहे. नृत्य गुरूकडे शिकायचं, नाच वरातीत, आणि डान्स शाळेच्या मंचावर. इंग्रजी ‘डान्स’ या तिन्हींना सामावून घेतो, म्हणून तुमच्या कलेला त्या शब्दाने उणेपणा येईल ही भीती बाळगू नका. जपायचं ते तीन शब्दांपासून. आपल्याच ‘नाच’वरून इंग्रजांच्या काळात इंग्रजीत गेलेला ‘नॉच’ आणि त्यासोबतचा ‘डान्सिंग गर्ल’, या दोन्हींत नाचणाऱ्या स्त्रीकडे बघण्याची जुनी हिणकस नजर आहे. मोहेंजोदडोची सुमारे साडेदहा सेंटिमीटर उंचीची ती कांस्यमूर्ती ‘डान्सिंग गर्ल’ याच नावाने ओळखली जाते, तेवढ्यापुरतं ठीक. तुमच्या विद्यार्थिनीला ‘डान्सर’च म्हणा. आणि आपलं नृत्य परक्यांना आगळंवेगळं वाटेल म्हणून जाहिरातीत ‘एक्झॉटिक डान्स’ असं कधीही लिहू नका. ‘एक्झॉटिक डान्सर’ म्हणजे इंग्रजीत कपडे उतरवत नाचणारी.

कौतुक करतानाही एक सवय लावून घ्या. ‘ती छान नाचते’ याचं ‘शी डान्सेस वेल’ होतंच, पण इंग्रजी बोलणारे बहुतेक वेळा ‘शी इज अ गुड डान्सर’ म्हणतात. ‘मला नाचता येतं’ म्हणजे ‘आय कॅन डान्स’. ‘आय नो डान्स’ नको. ‘नो’ वापरायचं तर ‘आय नो हाउ टू डान्स’. आणि लग्नात कुणी ‘वुड यू लाइक टू डान्स?’ म्हणालं, तर ती आत्ता नाचायला चला अशी विनंती आहे, येतं का अशी चौकशी नाही.

म्हणींच्या वाटेला सावकाश जा. ‘कुणाच्या तालावर नाचणे’ हे नशिबाने जुळतं, ‘डान्स टू समवन्स ट्यून’. पण ‘नाचता येईना अंगण वाकडे’ शब्दशः सांगून उपयोग नाही. त्याच अर्थाची त्यांची म्हण हत्यारांना दोष देणाऱ्या कारागिराची आहे. कागदी घोडे नाचवण्यात आणि थयथयाट करण्यातही इंग्रजीत ‘डान्स’ येत नाही.

सराव कसा करायचा? रोज तास संपला की त्या तासाबद्दल चार वाक्यं मोठ्याने बोला: एकात क्रियापद, एकात ‘अ डान्स’, एकात ‘डान्सिंग’, एकात ‘डान्स टू’. त्यातलं एक तरी भूतकाळी असू दे. फोनवर रेकॉर्ड करून ऐका आणि फक्त दोन गोष्टी तपासा: नको तिथे ‘डू’ आलं का, आणि ‘डान्स्ट’चं ‘डान्सेड’ झालं का. एका वेळी सगळंच सुधारायला गेलात तर बोलणंच अडेल. शब्दकोश बघायचा तर इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा बघा. त्यात नामापुढे ‘सी’ असेल तर मोजता येणारं आणि ‘यू’ असेल तर न मोजता येणारं. ‘डान्स’पुढे दोन्ही खुणा सापडतील, आणि त्या कुठल्या अर्थाला लागल्या आहेत ते पाहणं हाच खरा धडा.

आता तुमची सूचना. तुम्ही लिहिलं आहे: “आय ॲम टीचिंग कथक डान्स सिन्स फोर्टीन इयर्स. नोइंग डान्स इज नॉट नेसेसरी. एव्हरी मंथ आय विल सेट वन डान्स ऑन मराठी साँग. इन डिसेंबर चिल्ड्रन विल डू डान्स इन ऑनलाइन गॅदरिंग.”

ती अशी पाठवा: “आय हॅव बीन टीचिंग कथक फॉर फोर्टीन इयर्स. नो डान्स एक्स्पीरियन्स इज नीडेड. एव्हरी मंथ द चिल्ड्रन विल लर्न अ न्यू डान्स टू अ मराठी साँग. इन डिसेंबर दे विल परफॉर्म इन अ शॉर्ट ऑनलाइन शो.”

तिसऱ्या वाक्यात ‘मी बसवेन’ऐवजी ‘मुलं शिकतील’ असं मुद्दाम केलं आहे. पालक ती सूचना आपल्या मुलाला काय मिळणार हे पाहायला वाचतील. आणि पहिल्या वाक्यात ‘कथक’पुढचा ‘डान्स’ काढला असला, तरी तुमच्या यादीत मराठी नसलेली कुटुंबं असतील तर तो परत घाला.